उणे दोनचा गठ्ठा

सत्राचा शेवटचा पेपर गणिताचा. तो दिला की मुलं मोकळी होतात. आमचं सत्र मात्र शेवटच्या उत्तरपत्रिकेची बेरीज पडताळून होईपर्यंत चालूच असतं. या वेळी तपासणीच्या पहिल्या दिवशी प्रश्न ४ ने आम्हाला संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवलं.

आम्ही तपासतो प्रश्नवार. सगळ्या गठ्ठ्यातला प्रश्न १ आधी, मग प्रश्न २. पानं उलटण्यात वेळ जातो, पण एका प्रश्नाचे निकष डोक्यात पक्के राहतात आणि आधीच्या उत्तरात गडगडलेल्या मुलाबद्दलचं मत पुढच्या उत्तराला चिकटत नाही. एकाच चुकीची साथ आली असेल तर तीही अशीच कळते.

प्रश्न दिसायला साधा: एक भागिले एक्सचा वर्ग, याचं उणे १ ते १ इंटिग्रेशन, म्हणजे तेवढ्या भागातलं आलेखाखालचं क्षेत्रफळ. गुण ५. शून्यापाशी फलन अमर्याद होतं हे ओळखण्याला १, तिथे इंटिग्रल तोडण्याला १, लिमिट घेऊन एक भाग सोडवण्याला २, इंटिग्रल अपसारी आहे, म्हणजे त्याला ठरावीक किंमतच नाही, या निष्कर्षाला १. बहुतेकांनी थेट सूत्र लावलं. उणे एक भागिले एक्स. वरची किंमत उणे १, खालची १, वजाबाकी उणे २. खाली दोन ठसठशीत रेघा.

फलन सगळीकडे धन, आलेख पूर्ण अक्षाच्या वर, आणि क्षेत्रफळ ऋण! वरची किंमत वजा खालची किंमत हे जे आपण करतो, त्याला कलनाच्या मूलभूत प्रमेयाचा आधार लागतो, आणि ते प्रमेय दोन टोकांमध्ये फलन कुठे फुटत, म्हणजे अमर्याद होत, नसेल तरच लागू पडतं. इथे ते बरोबर मधोमध फुटतं. शून्याच्या जरा उजवीकडच्या एका छोट्या संख्येपासून, तिला एप्सिलॉन म्हणू, १ पर्यंत इंटिग्रल घेतलं तर येतं एक भागिले एप्सिलॉन, वजा १. एप्सिलॉन ०.१ असेल तर ९, ०.००१ असेल तर ९९९. वाढ थांबतच नाही. डाव्या बाजूलाही तेच, आणि तिथलीही किंमत धनच, त्यामुळे दोन बाजू एकमेकींना कापतील हा युक्तिवादसुद्धा चालत नाही. (एक भागिले एक्स असतं तर सममितीने ० आलं असतं, पण ती कॉशीची मुख्य किंमत झाली, म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर सोडून काढलेली; इंटिग्रल तिथेही अपसारीच.)

मुलं सूत्राकडे का धावतात, त्याचं कारण मला आळसात दिसत नाही. एक्सचा घात उणे दोन-तृतीयांश घ्या. तेही शून्यापाशी अमर्याद होतं. पण त्याचं इंटिग्रेशन, एक्सच्या घनमुळाची तिप्पट, शून्यातून सलग जातं. म्हणून डोळे मिटून किमती टाकल्या तरी ६ हे बरोबर उत्तर मिळतं. चुकीची सवय अशी अधूनमधून बक्षीस मिळवते.

पेच पडला तो एका उत्तरपत्रिकेने. उत्तर उणे २ च, पण खाली शेरा: फलन धन असताना हे ऋण येऊ शकत नाही, चूक कुठे झाली ते सापडत नाही. निकषांप्रमाणे गुण शून्य. शून्यापाशी काय होतं याचा उल्लेख नाही, तोडलेलं नाही, लिमिट नाही. माझ्या बरोबरचे परीक्षक शून्यावर ठाम होते: निकष छापील आहेत, शेरा म्हणजे सोडवणूक नव्हे. माझं म्हणणं असं की पहिला गुण आहे तो काहीतरी बिनसलंय हे ओळखण्याचा, आणि अर्धी ओळख इथे झाली आहे. शेवटी १ गुण द्यायचं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. निकष मध्येच बदलला की तपासून झालेला गठ्ठा पुन्हा उघडावा लागतो, कारण तसाच शेरा आधी कुणी लिहिला असेल तर त्यालाही तो गुण मिळायला हवा. वाढलेला प्रत्येक गुण तीन जागी दुरुस्त करायचा: आतल्या पानावर, मुखपृष्ठावरच्या तक्त्यात आणि एकूण बेरजेत, शेजारी सही. यातली एक जागा राहिली तर पडताळणीत उत्तरपत्रिका परत येते. पुरवण्याही पाहाव्या लागल्या. असे शेरे बहुतेकदा वेळ उरल्यावर, मागच्या कोऱ्या पानावर लिहिलेले असतात.

प्रश्नाच्या शब्दांत आमचाही वाटा होता. ‘किंमत काढा’ म्हटलं की किंमत आहे असं गृहीतच धरलं जातं. पुढच्या पेपरासाठी प्रश्न असा लिहून ठेवला आहे: ‘इंटिग्रल अभिसारी आहे का ते तपासा, असल्यास किंमत काढा.’ उपप्रश्न दोन, एकात घात उणे २, दुसऱ्यात उणे दोन-तृतीयांश, प्रत्येकी ३ गुण. दोन्हीकडे ‘अपसारी’ लिहून मोकळं होणाऱ्याचा एक उपप्रश्न जाईल, आणि सूत्र लावून ६ काढणाऱ्यालाही शून्यापाशी तोडल्याशिवाय पूर्ण ३ मिळणार नाहीत.