विडाल पॉझिटिव्ह, पण टायफॉईड नव्हे

आमच्या बेळगाव साइडला ताप चार दिवस टिकला की डॉक्टर विडाल, म्हणजे टायफॉईडच्या अँटिबॉडी बघणारी रक्ततपासणी, लिहिणार म्हणजे लिहिणार. मी लॅबमध्ये रक्त तपासते म्हणून सांगते, इथं धडधाकट माणसाचं रक्त घेतलं तरी त्यातल्या 'ओ' अँटिबॉडीचं प्रमाण १:८० यायला वेळ लागत नाही, आधी कधीतरी जंतूशी गाठ पडलेली असते, पण ऐकतंय कोण. पेशंटलाही काहीतरी पॉझिटिव्ह आलं की पैसे वसूल वाटतात.

पोरगा येळ्ळूरकडचा, कॉलेजातला, तालमीत घुमणारा. मानेत गाठी, घसा असा की थुंकी गिळवेना, आणि अंगभर लाल पुरळ, गावातल्या डॉक्टरनी अमॉक्सिसिलिन दिल्यावर उठलेलं. विडाल १:८०, झालं, टायफॉईड. पण सीबीसीत लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, ६२ टक्के, नेहमीपेक्षा जास्त, आणि बाजूला मशीनचा फ्लॅग, पेशी नीट बघा असा इशारा. सकाळच्या फास्टिंगच्या गर्दीत असले फ्लॅग बघून न बघितल्यासारखं करणारे कमी नाहीत.

मी स्लाइड काढली. लायश्मन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून स्लाइडला देतात तो रंग, मला हाताने, वेळ लावूनच करायला आवडतं, नाहीतर निळ्याचा नुसता चिखल होतो. ऑइल इमर्शनखाली बघितलं तर मोठमोठे लिम्फोसाइट, फिकट निळे, कडेला गडद, आणि शेजारच्या लाल पेशी जिथं टेकल्यात तिथं कड दबलेली, मऊ कणकेत बोट रुतावं तशी. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवली, त्यांनी लगेच रिपोर्टवर लिहिलं आणि डॉक्टरांना फोन केला, ईबीव्ही, म्हणजे एपस्टाईन-बार व्हायरसची तपासणी, करा म्हणून. तिकडून उत्तर आलं, विडाल पॉझिटिव्ह आहे की! मॅडमनी मग त्यांच्या आवाजात समजावलं.

सॅम्पल मुंबईला गेलं. यात तीन अँटिबॉडी बघतात, व्हीसीए आणि एब्ना ही व्हायरसच्या दोन भागांची नावं, त्यांच्याविरुद्ध शरीरानं केलेल्या. व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, ही महिना-दीड महिन्यात सहसा जाते. व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ती जन्मभर राहते, म्हणून एकटीवरून काही कळत नाही. आणि एब्ना आयजीजी निगेटिव्ह, जी आजारानंतर दोन ते चार महिन्यांनी चढते. म्हणजे इन्फेक्शन ताजं, या व्हायरसनं होणारा मोनोन्यूक्लिओसिस. पुरळ पण त्यातलंच, या आजारात अमॉक्सिसिलिन दिलं की बऱ्याच जणांना उठतं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली, प्लीहा वाढलेली. आता गंमत बघा, रिपोर्ट न्यायला आला वस्ताद. ताप गेलाय, पोरगं खातंय पितंय, जत्रेच्या मैदानात जोड ठरलाय, उतरवू की ओ ताई? रिपोर्ट देणं आमचं काम, सल्ला देणं नव्हे, हे मला पाठ आहे. तरी म्हटलं, मामा, पोटावर एक दणका बसला तर प्लीहा फुटते, डॉक्टर सांगतील तोवर लंगोट लावू देऊ नका. मॅडम नंतर बोलल्या मला, त्यांचं चुकलं असं नाही, पण अजून मला माझंही चुकलं असं वाटत नाही.

वस्तादानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "मग टायफाईडच्या गोळ्या चालूच ठेवायच्या की ओ?"