राजापूरचे दंडवते: पाच विजय, पक्षाच्या रकान्यात चार नावं

समाजवादी नेते मधू दंडवते राजापुरातून लोकसभेवर किती वेळा निवडून आले, असं विचारलं की कोकणात बरेच जण कमी आकडा सांगतात. बरोबर उत्तर पाच, आणि तेही सलग: १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९. सहाव्या खेपेला, १९९१ साली, काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी त्यांना हरवलं.

मोजणी चुकते ती पक्षाच्या नावावरून शोधल्यामुळे. निवडणूक आयोगाच्या अहवालांत १९७१ ला त्यांच्यापुढे प्रजा समाजवादी पक्ष आहे. त्या वर्षी देशभरात या पक्षाचे दोनच खासदार आले, दंडवते आणि बंगालमधल्या कांथीचे समर गुहा. १९७७ ला सगळा देश 'जनता लाट' म्हणतो, पण अहवालात 'भारतीय लोक दल' छापलंय. जनता पक्षाला तेव्हा स्वतःचं चिन्ह नव्हतं, बहुतेक उमेदवार लोक दलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढले, म्हणून नोंदही त्याच नावाने. १९८० आणि ८४ ला जनता पक्ष, ८९ ला जनता दल. 'जनता' एवढंच शोधाल तर १९७१ आणि ७७ हातातून निसटतात. तेव्हा शोध मतदारसंघ आणि वर्ष धरून घ्यायचा, पक्ष धरून नाही.

दुसरा घोटाळा १९७१ चा. राजापूरचे आधीचे खासदार बॅ. नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला वारले, त्यामुळे दंडवते पोटनिवडणुकीत आले असं सर्रास लिहिलं जातं. पण लोकसभा २७ डिसेंबर १९७० लाच विसर्जित झालेली होती. रिकामी व्हायला जागाच उरली नव्हती, मार्चमध्ये झाली ती सार्वत्रिक निवडणूक. त्याआधी दंडवते विधान परिषदेत होते. तो काळ लोकसभेच्या हिशेबात धरायचा नाही.

नावाचंही जपून. राजापूर विधानसभा वेगळी, राजापूर लोकसभा वेगळी. लोकसभेची हद्द देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी धरून खाली गोव्याच्या सीमेपर्यंत जायची. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे त्यांच्या पहिल्या तीन निवडणुका कागदोपत्री रत्नागिरी जिल्ह्यातल्याच. आणि २००९ पासून हा मतदारसंघच नाही. आताच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. त्यामुळे २०२४ मध्ये नारायण राणे विनायक राऊतांपेक्षा ४७,८५८ मतांनी पुढे राहिले, तो आकडा दंडवत्यांच्या मताधिक्याशेजारी मांडणं फोल आहे. हद्द निराळी, मतदारसंख्या निराळी. मांडायचीच तुलना तर झालेल्या मतांतली टक्केवारी घ्या, तीही सांभाळूनच.

या पाचांत सगळ्यात अवघड विजय १९८४ चा, असं माझं ठाम मत. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला. उरलेल्या पाचांत दोन कोकणातल्या: राजापूर आणि कुलाबा (आताचा रायगड), जिथून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील आले. १९७७ चा विजय लाटेसोबतचा होता, हा तिच्या विरोधातला. तक्त्यात दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, म्हणून शेजारी राज्याचा एकूण निकाल ठेवल्याशिवाय उमेदवाराची ओळ वाचू नये.

मंत्रिपदं या तक्त्यात नसतात, ती वेगळी लावावी लागतात. १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला तो त्याच काळात (गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला त्याची किंमत विचारा). डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली सुरू झाली, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. १९८९-९० ला अर्थमंत्री. सोन्याच्या व्यवहारांवर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा गेला तो १९९० साली.

जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा अर्थखातं दंडवत्यांकडे होतं आणि रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. मे-जून १९९१ ला मतदान झालं तेव्हा या महामंडळाला वर्षही पुरं झालेलं नव्हतं. सावंतवाडीच्या मतदारासमोर तेव्हा रूळ नव्हते, मोजणीचे दगड होते. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सबंध मार्ग खुला झाला १९९८ च्या जानेवारीत, तोवर राजापुरातून शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आलेले होते.