टीएसएच वाढलेला असताना गोळीही का वाढवतात?

टीएसएच वाढलेला असताना गोळीही का वाढवतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत अहवाल तपासून त्यांवर सही करणे हे माझे काम, आणि अहवाल हातात पडल्यावर खिडकीशी थांबून विचारला जाणारा एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: ‘‘मॅडम, थायरॉइड आधीच वाढलेला आहे, मग डॉक्टरांनी गोळी पन्नासची पंचाहत्तर का केली? वाढलेले कमी करायचे सोडून आणखी वाढवायचे कशाला?’’ प्रश्न तर्काला धरूनच आहे. गफलत होते ती अहवालातला तो आकडा नेमका कोणाचा, याविषयी.

ठळक अक्षरांत छापलेला टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक) हा थायरॉइडचा स्राव नव्हेच. थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. मोठ्या माणसात तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते आणि तिच्यातून रक्तात उतरते ते मुख्यतः थायरॉक्सिन. टीएसएच तयार होतो तो तिथून बराच वर, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या, जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या पीयूषिका ग्रंथीत, जिला आपण बोलताना पिट्युटरी म्हणतो. रक्तातले थायरॉक्सिन कमी पडू लागले की पीयूषिकेला आणि तिच्या वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला ते जाणवते आणि टीएसएच अधिक सुटू लागतो. थायरॉक्सिन पुरेसे झाले की तो आपोआप उतरतो. शेतावरची माणसे रेंगाळू लागली की मुकादमाचा आवाज चढतो, तसा हा प्रकार आहे. टीएसएच वाढला म्हणजे बहुतेक वेळा थायरॉइडचे काम घटले असा अर्थ होतो, आणि गोळी वाढवायची ती ही तूट भरून काढण्यासाठी.

मग थेट थायरॉक्सिनच का मोजू नये, असे एखादा चौकस माणूस विचारतो. मोजतोही, पण सुरुवातीची तूट टीएसएचमध्ये फार लवकर दिसते. मुक्त थायरॉक्सिन निम्म्यावर आले तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, तो ढोबळमानाने शंभर पटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच टीएसएच १२ आणि फ्री टी-फोर, म्हणजे मुक्त थायरॉक्सिन, मात्र मर्यादेच्या आत, असे अहवाल रोज पाहायला मिळतात. छापलेली मर्यादा सगळ्या लोकसंख्येसाठी असते आणि ती रुंद असते. प्रत्येकाची स्वतःची पातळी त्या मर्यादेत अगदी अरुंद पट्ट्यात फिरत असते, आणि पीयूषिका हिशेब ठेवते तो या पट्ट्याचा. ‘फ्री’ या शब्दाचेही कारण आहे: रक्तातले ९९ टक्क्यांहून अधिक थायरॉक्सिन प्रथिनांना चिकटून फिरते, पेशींच्या उपयोगी पडतो तो उरलेला नगण्य वाटणारा मोकळा अंश. एकूणच इथले आकडे लहान असतात. पन्नासची गोळी म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. रोज शंभरची गोळी घेणाऱ्याचे वर्षभराचे थायरॉक्सिन एकत्र केले तरी ते ३७ मिलिग्रॅमच्या आतच राहील.

गोळी बदलल्यावर दहाव्या दिवशी पुन्हा तपासणीला येणाऱ्यांना मी परत पाठवते, याचा काहींना राग येतो. अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या पृष्ठभागावरच आपला निरोप देते, म्हणून अंगावर कुत्रा धावून आला की काही क्षणांत छाती धडधडू लागते. थायरॉक्सिनची रीत वेगळी आहे. ते पेशीच्या आत शिरते, आपल्या चार आयोडीन अणूंपैकी एक गमावून टी-थ्री बनते, केंद्रकापर्यंत पोहोचते आणि तिथे कोणती प्रथिने किती बनवायची हेच बदलते. नाडी मंदावणे, त्वचा कोरडी पडणे, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, कोलेस्टेरॉल वाढणे ही सारी त्याच संथ कारभारातल्या तुटीची लक्षणे, आणि ती ओसरतातही संथपणे. शिवाय रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या मात्रेची पातळी स्थिरावण्यात पाच-सहा आठवडे जातात. सहा ते आठ आठवड्यांआधी केलेली तपासणी जुन्या आणि नव्या मात्रेची सरमिसळ दाखवते. (वजनाचा सारा दोष थायरॉइडच्या माथी मारणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या तुटीमुळे वाढणारे वजन सहसा थोड्याच किलोंचे असते आणि त्यातही पाण्याचा वाटा मोठा असतो.)

टीएसएच मर्यादेत आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता गोळी बंद केली तर चालेल ना? आकडा जागेवर आला आहे तो गोळीमुळे. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या प्रदेशांत थायरॉइडचे काम घटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने थायरॉइडवर केलेला हल्ला. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. झिजलेली ग्रंथी गोळीने दुरुस्त होत नाही, तिने बनवायचा माल बाहेरून पुरवला जातो, इतकेच. बाळंतपणानंतर काही स्त्रियांची थायरॉइड तात्पुरती बिघडते आणि पुढे सावरते, त्यामुळे गोळी थांबवून पाहण्याचे प्रसंगही येतात. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा. आयुष्यभर गोळी या कल्पनेने हवालदिल होणाऱ्यांना मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांच्या रुग्णाची हकीकत सांगते. १८९१ मध्ये मरे यांनी थायरॉइडच्या तुटीने जर्जर झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती पुढे २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी गोळी करते.

मिठाविषयी थोडक्यात. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ज्यांनी अलीकडे फक्त सैंधव वापरायला सुरुवात केली आहे, त्यांनी पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का ते पाहावे. हाशिमोतोचा विकार जडलेला असेल तर मात्र जादा आयोडीनने तो बरा होत नाही, उलट बिघडू शकतो.

तपासणीसाठी उपाशी येण्याची सक्ती नसते. त्याऐवजी आम्हाला हवी असते ती केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची माहिती, जी कोणी आपणहून देत नाही. त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असते आणि तपासणीच्या अनेक पद्धती बायोटिनवरच आधारलेल्या असल्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटेच जास्त दिसू शकते. दुसरी गोष्ट, थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेणे. ती नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांचे अंतर ठेवून. नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही आणि डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवत बसतात.

आता त्या अहवालांविषयी, ज्यांत टीएसएच अगदी व्यवस्थित असतो आणि तरीही काहीतरी चुकलेले असते. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेल्या स्त्रीची, गरोदरपणात आकाराने वाढलेली पीयूषिका रक्तपुरवठ्याअभावी मरू शकते. शीहान या डॉक्टरांनी १९३७ मध्ये वर्णन केलेला हा विकार. अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा वर्षानुवर्षे टिकतो आणि तो संसाराच्या ओढाताणीवर ढकलला जातो. इथे मुकादमच आजारी असतो, म्हणून काम ठप्प असूनही आवाज चढत नाही: टीएसएच २, आणि फ्री टी-फोर मर्यादेच्या बरेच खाली. फक्त टीएसएच करून घेणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. शिवाय मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींना चालवणारे पीयूषिकेचे संप्रेरकही आटलेले असते. अशा स्त्रीला आधी थायरॉक्सिन सुरू केले तर शरीर उरलेसुरले कॉर्टिसोल अधिक वेगाने संपवते आणि रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसोल, आणि मगच थायरॉइडची गोळी, हा क्रम सोडता येत नाही. आकड्यांची अशी जोडी दिसली की अहवाल खिडकीवर पाठवण्याआधी मी संबंधित डॉक्टरांना फोन करते आणि एकच विचारते: यांच्या बाळंतपणात रक्त किती गेले होते?