रात्रीची लाईट

डेली सोपचं लिखाण बहुतेक वेळा तीन जणांत वाटलेलं असतं, एक कथा पुढं नेतो, दुसरा पटकथा म्हणजे सीन पाडतो आणि तिसरा संवाद लिहितो. आमचे संवादवाले दादा मुंबईत, मी त्यांची असिस्टंट म्हणून वाईच्या सेटवर, रोज साताऱ्याहून एसटीने ये-जा. काम काय तर प्रिंट काढणे आणि "हे वाक्य तोंडात बसत नाय" म्हणणाऱ्या आर्टिस्टला शब्द बदलून देणे.

त्या दिवशी घाटावरचा बापलेकाचा सीन होता. मुलगा बापाला सांगतो की जमीन विकली, तीन पानं नुसती आदळआपट. पण कृष्णाबाईच्या उत्सवाचा मांडव पडलेला, स्पीकर चालू, तिथं लाईव्ह साउंड मिळणं शक्यच नाही. त्यात बापाचं काम करणाऱ्या काकांचा रात्री सांगलीला नाटकाचा प्रयोग, ते दुपारीच निघणार, आणि एपिसोडची बँक तर संपलेलीच, म्हणजे आज शूट झालं नाही तर उद्या दाखवायला काही नाही. दादांना फोन केला तर म्हणाले, सीन आईवर घे, माजघरात घे, तूच लिही, मी बघतो.

मी तेच डायलॉग आईच्या तोंडी घालून बघितले, जमेना. बाप भांडेल, आई का भांडेल? आणि तिला कळणार कसं? सातबारा सापडला असं दाखवावं तर ते प्रत्येक सिरीयलमध्ये होतं.

वाड्याच्या मालकीणबाई शेजारी लसूण सोलत बसलेल्या. त्यांना सहज विचारलं, काकू, पोरानं रान विकलं तर तुमाला कशावरनं कळंल? त्या वर न बघता म्हणाल्या, "ह्या आठवड्यात रात्रीची लाईट हाय. पोरगं पाणी पाजायला उठलं न्हाई की कळलंच की."

शेतीपंपाची वीज रात्री येणार, म्हणजे पाणी द्यायला रात्रीच उठायचं. मग सीन सुटलाच. खिडक्यांना काळं कापड लावून दुपारी रात्र केली. आई कंदील, टॉर्च, चपला दारात आणून ठेवते, "उठ, लाईट आली आसंल." मुलगा कूस बदलतो. ती मोटारीच्या पेटीची चावी घ्यायला खुंटीकडं हात नेते, चावी नाही. कट. पानभर पण नाही झालं. आईचं काम करणाऱ्या ताईंनी तो हात खुंटीवर तसाच ठेवला, हे मी लिहिलेलं नव्हतं बरं का, त्यांचं त्यांनी केलं.

चॅनलच्या ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरला मात्र धाकधूक. म्हणाला, बायका भाकऱ्या थापत सिरीयल ऐकतात, बघत नाहीत, त्यांना कसं कळणार? मुद्दा अगदीच खोटा नाही, मला तो आजही खोडता येत नाही. पण हूक पॉइंटला, म्हणजे एपिसोड जिथं अडकवून सोडतात तिथं, "म्हणजे तू जमीन विकलीस?!" पाहिजेच म्हणून अडून बसला. शेवटी दोन्ही प्रकारे शूट केलं.

टेलिकास्टला अर्थातच वाक्यवालं गेलं, वर तीन क्लोजअप आणि वीज कडाडल्याचा आवाज, फेब्रुवारीत.

काकूंनी टीव्हीवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "एवढं वरडायला काय झालतं तिला? कळलंच हुतं की."