डायल काळी करून द्या

देवळाली कॅम्पातून एक तरुण आजोबांचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, घेऊन नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या दुकानात आला. तक्रारी दोन. "काका, डायल पार तपकिरी झालीय, काळी करून द्या. आणि वरचं बटण काटा सुरू करतं, पण थांबवत नाही."

दुसरीचं उत्तर झाकण उघडताच मिळालं. आत लँडेरॉन ४८ हे जुनं स्विस मशीन. एकाच बटणाने सुरू-बंद करू देणारं खाचांचं चाक, कॉलम व्हील, या मशीनला नाही. वरचं बटण फक्त सुरू करतं. थांबवायचं खालच्याने, आणि तेच पुन्हा दाबलं की काटा शून्यावर. म्हणजे बिघाड नव्हताच. पण आधी कुणीतरी तो 'काढायला' गेलं होतं: लिव्हरच्या स्क्रूची खाच खाल्लेली, आणि क्रोनोग्राफच्या चाकांच्या दातांवर तेल. हे दात कोरडेच ठेवायचे असतात. तेल घट्ट होऊन धूळ धरतं आणि क्रोनो चालू केला की बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे डोलत वेळ राखणाऱ्या चाकाचा, जीव जातो. घड्याळाची चाल मोजणाऱ्या टाइमिंग मशीनवर बॅलन्सचा झोका १९० अंश, बटण दाबल्यावर १४०.

डायलवर मात्र वेळ घालवावा अशी ती होती. कडेला टेलिमीटरची पट्टी, देवळालीसारख्या तोफखान्याच्या गावाला साजेशी: चमक दिसली की बटण दाबा, आवाज आला की थांबवा, काटा अंतर दाखवतो. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.

दहापटीच्या भिंगाखाली सोनेरी अक्षरं रंगाच्या वर बसलेली नव्हती, काळ्या थराच्या खाली होती. खालचं पितळच अक्षर होऊन दिसत होतं. पुन्हा छापलेल्या डायलवर अक्षर वर चढतं, आणि उपतबकड्यांतल्या (डायलवरच्या छोट्या तबकड्यांतल्या) बारीक वर्तुळाकार रेषा रंगाने बुजतात. इथे त्या स्वच्छ होत्या. ट्रिटियमची खूण असलेलं 'टी' हे अक्षर कुठेच नाही, म्हणून चमकणारा रंग रेडियमचा धरला. अतिनील टॉर्च विझताच तोही विझला. नवा रंग बराच वेळ उजळत राहिला असता. रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षं, मेलं आहे ते त्यातलं जस्ताचं चमकणारं संयुग. त्यामुळे मास्क, हातमोजे, आणि खरवडणं अजिबात नाही.

चावी सैल करून मेनस्प्रिंगचा ताण उतरवला, क्रोनो शून्यावर आणला, डायलवर पातळ प्लास्टिक ठेवून काटे सरळ वर उचलले. क्रोनोचा मधला काटा घट्ट असतो. तिरका ओढला की त्याची नळी तरी सुटते, नाहीतर खालचा दांडा तरी मोडतो. मग बाजूचे दोन स्क्रू सैल केल्यावर डायल सुटली.

केसच्या कडेखाली झाकलेली अर्ध्या मिलिमीटरची किनार अजून कुळकुळीत काळी होती. भट्टीत भाजून तपकिरी केलेल्या डायलची किनारही तपकिरी निघते. ही उन्हाने, ओलाव्याने आणि मुळातल्या लेपाच्या कच्चेपणाने उतरली होती. काळी केली असती तर हे सगळं एका दुपारी पुसलं गेलं असतं, आणि घड्याळाची किंमतही. तरुणाला भिंगातून किनार दाखवली, तेव्हा कुठे पटलं.

डायल धूळ बसू नये म्हणून वेगळ्या झाकणाखाली गेली. तिच्यावर ना पाणी, ना ब्रश. मशीन पूर्ण धुतलं, चाकांचे दात कोरडे ठेवले. झोका २६५, क्रोनोसकट २३५. इतकी घट चालते. शेवटी काटा शून्यावर आणणारी हातोडी टेकलेली असताना मधला काटा बरोबर बारावर बसवला आणि वीस वेळा सुरू-बंद-शून्य करून पाहिला.

घ्यायला आल्यावर त्याने वरचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "काका, थांबत नाही."

"खालचं दाबा."