ओलं चेरी आज कापलं, मेणही आजच

आजचा सगळा दिवस वाडगे कातण्यासाठी आणलेल्या चेरीच्या ओल्या ओंडक्यांत गेला. हे लाकूड टोकांकडून फार लवकर तडकतं, उद्यावर ढकलून चालत नाही. तुकडा ओंडक्याच्या व्यासापेक्षा 5 सेंमी तरी लांब ठेवायचा, म्हणजे टोकाच्या चिरा नंतर छाटता येतात. मग मधोमध उभा चिरून केंद्रातला गाभा पूर्ण काढायचा; तो राहिला तर वाडगा हमखास फाटतो. टोकांवर लगेच मेण.

लेथवर (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) कच्चा आकार कातताना वाडग्याची भिंत त्याच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड, म्हणजे 25 सेंमीला 2.5. वाळताना वाडगा लंबगोल होतो. भिंत पातळ असेल तर पुन्हा गोल करायला लाकूडच उरत नाही. नंतर वाडगा वाळायला कागदी पिशवीत, सावलीत (प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते). दर आठवड्याला वजन करायचं, ते उतरायचं थांबलं की शेवटचं कातकाम.