मोटोक्रॉस बाइक ट्रेलवर नेणार असाल तर

"ट्रॅकवर पळते ती ट्रेलवर पळणारच," असं भाड्याने देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. नाही पळत. 250 सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक (मातीच्या ट्रॅकवरच्या, उड्यांच्या शर्यतीसाठी बनवलेली) कोरड्या ओढ्यातून वर चढवून आत्ताच आलोय, मनगटं अजून ठणकताहेत, तेव्हा भाषा तिखट लागली तर सांभाळून घ्या.

ओढ्यात नारळाएवढे गोटे आणि वेग चालण्याइतका. या बाइकचा पहिला गिअर स्टार्ट गेटमधून सुसाट सुटण्यासाठी असतो, म्हणजे इथे अख्खी चढण हाफ क्लचवर, क्लच अर्धा दाबून घसरवत. रेडिएटरला फॅन नाही. वारा लागला तरच इंजिन थंड होणार. निम्मी चढण व्हायच्या आत ओव्हरफ्लोच्या नळीतून कूलंट फुसफुसायला लागलं आणि क्लच लिव्हर ढिला पडला. थांबावं तर साइड स्टँड नाही, दगडाला टेकवून उभी करा. सीट जमिनीपासून 95 सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे पाय टेकायला जावं तिथे नेमका खड्डा. सस्पेन्शनला 300 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली हलायची जागा) आहे खरा, पण सेटिंग उड्या झेलायचं. बारक्या गोट्यावरही पुढचं चाक ठोकर खाऊन बाजूला उडतं. बंद पडली की पुन्हा पहिल्यापासून!

वरच्या मोकळ्या पठारावर मात्र तोड नाही. जेमतेम 105 किलो वजन, थ्रॉटल पिळायचा अवकाश.

भाडं ठरलं होतं इंजिनच्या तासांवर, लावलं घड्याळाच्या. बाइक निववत बसलो त्या वेळाचेही पैसे! निघताना आणि परतल्यावर आवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा) फोटो काढाच.

तरीही हीच न्यायची असेल तर मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दोन दात मोठा आणि रेडिएटर कॅप जास्त दाबाची लावून घ्या. टायरात हवा 12-13 पीएसआय, ट्यूब जाड. सस्पेन्शनचं कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) अॅडजस्टरचे चार-पाच क्लिक सैल करा. टाकी सहा-सात लिटरची आणि हेडलाइट नाही, म्हणून परतीचा हिशोब उजेडातच बसवा. एअर फिल्टर स्वतः उघडून बघा. तेल न लावलेला कोरडा फिल्टर दिसला तर बाइक तिथेच सोडा.

ट्रॅक असेल तर डोळे मिटून हीच घ्या. ओढे-घळी असतील तर एन्ड्युरो (खडबडीत वाटांसाठीची बाइक) मागा: मागचं चाक 18 इंची, गिअर रेशो वाइड म्हणजे पहिला गिअर हळू चालणारा, सस्पेन्शन मऊ आणि स्टँडही असतो. भाड्याने देणारा "दोन्ही सारख्याच" म्हणाला तर दुसरा गाठा.